प्रोसेसर तापला आहे: नवशिक्या गेमरांसाठी संपूर्ण मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

गेमिंगसाठी कॉम्प्युटर घेतलेल्या, तो मे महिन्यात तापतो असं आढळलेल्या आणि 'आता प्रोसेसर बदलावाच लागणार' या निष्कर्षाला तापमान न मोजताच पोचलेल्या सर्व होतकरूंसाठी. या मार्गदर्शिकेचा पाया एकाच तत्त्वावर उभा आहे: नवा प्रोसेसर घ्यायचं आधी ठरतं, जुना तापतो हे नंतर लक्षात येतं. हा क्रम उलटा करता आला तर पैसे वाचतात. म्हणून पायऱ्या फुकटापासून महागापर्यंत लावल्या आहेत. बहुतेक वाचक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतील याची कल्पना आहे.

उदाहरणासाठी घेतलेला संच असा: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, त्याच्याच खोक्यातून आलेला रेथ स्टेल्थ कूलर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर. मुक्काम नागपूर. तुमचा संच वेगळा असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील. मुक्काम नागपूर नसेल तर निम्मं काम आधीच झालंय.

साहित्य

- प्लसचा स्क्रूड्रायव्हर.
- मऊ, कोरडा ब्रश. रंगकामाचा नवा चालेल. रंगकाम झालेला नको.
- हवा मारायचा ब्लोअर.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कपडा.
- थर्मल पेस्टची एक लहान ट्यूब.
- खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर.
- एचडब्ल्यूइन्फो हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर.
- सगळं काही जाणणारा एक मित्र. हा मागवावा लागत नाही. कॅबिनेटचा पहिला स्क्रू सैल झाला की आपोआप येतो.

पायरी १: आधी मोजा, मग घाबरा

कॅबिनेटवर हात ठेवून "चटका बसतोय" असं घरभर जाहीर करणं म्हणजे मोजणी नव्हे. एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून नेहमीचा खेळ अर्धा तास खेळा आणि तीन आकडे लिहून काढा: प्रोसेसरचं सरासरी तापमान, कमाल तापमान आणि त्या वेळी कोअर किती वेगाने चालत होते तो आकडा. हे कागदावर लिहा, कारण तोंडी आकडा दुकानात पोचेपर्यंत दहा अंशांनी वाढतो.

३६०० ची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. इंटेलच्या बहुतेक कोअर प्रोसेसरांची १०० अंश. खेळताना आकडा ७० ते ८० च्या दरम्यान असेल तर प्रोसेसर त्याचं काम नीट करतोय, तुम्ही तुमचं करा. ८५ च्या वर जात असेल तर लक्ष ठेवा. ९५ ला टेकून कोअरचा वेग खाली घसरत असेल, तरच पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. बाकीच्यांनी इथेच थांबून खेळायला जावं. त्यांच्यातले निम्मे निराश होतील, हे आम्ही जाणून आहोत.

मोजताना दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली म्हणजे नुसता ब्राउझर उघडला तरी तापमान ४५ वरून ६० वर उडी मारतं. या प्रोसेसरचे सहाही कोअर एका लहानशा चिपलेटवर दाटीवाटीने बसलेले आहेत. किरकोळ काम आलं तरी त्यातला एखादा क्षणभर पूर्ण वेगाने धावतो आणि तेवढ्याशा जागेत उष्णता एकदम साचते. यात बिघाड काही नाही.

दुसरी गोष्ट शेडरची. नवा खेळ पहिल्यांदा उघडला की 'शेडर तयार होत आहेत' अशी पाटी येते आणि सगळे कोअर शंभर टक्के कामाला जुंपले जातात. २०२३ साली 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' कॉम्प्युटरवर आला तेव्हा ही तयारी इतका वेळ चालायची, की लोक तेवढ्यात जेवून यायचे. त्या वेळी टिपलेला आकडा खेळाचा नसतो. तो मित्राला पाठवू नका.

प्रोसेसर जळून जाईल ही भीती मात्र एके काळी रास्त होती. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर'ने प्रोसेसरवरचा कूलर चालू मशीनमध्येच उचलून पाहण्याचा प्रयोग केला. पेंटियम ४ ने वेग कमी केला आणि 'क्वेक ३' रडतखडत का होईना चालू ठेवला. कूलर परत ठेवल्यावर तो पूर्ववत धावू लागला. एएमडीच्या ॲथलॉनमधून मात्र काही सेकंदांत धूर निघाला. आजचे सगळे प्रोसेसर त्या पेंटियमच्या वळणावर गेले आहेत. मर्यादेजवळ पोचले की आधी स्वतःचा वेग आणि व्होल्टेज उतरवतात, तरीही भागलं नाही तर मशीनच बंद करतात. म्हणजे चित्र अडखळतंय याचा अर्थ प्रोसेसर मरायला टेकलाय असा होत नाही. तो स्वतःला वाचवतोय.

या टप्प्यावर बाबा खोलीत डोकावून म्हणतात, "एवढा गरम होतो तर बंद करून ठेव ना." तांत्रिकदृष्ट्या या मार्गदर्शिकेत यापेक्षा अचूक उपाय नाही.

पायरी २: खोलीला थर्मामीटर लावा

कोणताही पंख्याचा किंवा पाण्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो उष्णता नष्ट करत नाही, फक्त धातूतून काढून हवेत सोडतो. त्यामुळे कूलरची कामगिरी 'खोलीपेक्षा किती अंश वर' अशी मोजतात. समजा तुमचा कूलर खोलीच्या तापमानापेक्षा ५० अंशांवर प्रोसेसरला रोखतो. डिसेंबरात नागपुरातली खोली २० अंशांवर असते तेव्हा प्रोसेसर ७० ला असतो. मे महिन्यात तीच खोली दुपारी ३८ ला पोचते आणि प्रोसेसर ८८ ला. मधल्या पाच महिन्यांत प्रोसेसरने काहीही वाकडं केलेलं नाही.

परदेशी चाचण्या वाचतानाही हे ध्यानात ठेवा. त्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. तिथे 'उत्कृष्ट' ठरलेला ७५ चा आकडा विदर्भातल्या दुपारी नव्वदीत जातो, आणि ग्राहक कूलरच्या नावाने बोटं मोडत बसतो.

शिवाय खोली तापवण्यात कॉम्प्युटरचाही हात असतो. ३६०० ची पूर्ण भारातली मर्यादा ८८ वॅट, आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट, बाकी बोर्ड, पंखे, पॉवर सप्लाय धरून खेळताना ३०० वॅटच्या आसपास वीज जाते आणि जवळजवळ सगळीच उष्णता होऊन खोलीत उतरते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. तेव्हा दार लावून तीन तास खेळणं म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत तीन पाहुण्यांना सोबत घेऊन बसणं, आणि त्यातला एकही चहा पिऊन उठत नाही.

कृती: दार उघडा. छताचा पंखा लावा. एसी असेल तर लावा. खिडकीतला वाळ्याचा कूलर विदर्भाच्या कोरड्या हवेत खोलीचं तापमान चांगलंच उतरवतो, त्याचा फायदा प्रोसेसरलाही होतो. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. झोताबरोबर पाण्याचे तुषार येतात, आणि बोअरचं पाणी असेल तर क्षारही. दुपारी झोपून रात्री अकरानंतर खेळणं हाही शास्त्रशुद्ध उपाय आहे, पण तो घरच्यांना शास्त्रशुद्ध वाटत नाही.

पायरी ३: फुकट उपाय, म्हणून कोणी करत नाही

तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. तो सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. खेळ मात्र सेकंदाला १४० चित्रं तयार करतोय, कारण त्याला थांब म्हणून कोणी सांगितलेलं नाही. पूर्ण न दिसणाऱ्या त्या चित्रांसाठी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही राबतायत. खेळाच्या सेटिंगमध्ये, ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये किंवा रिवाट्यूनर या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ६० ची मर्यादा घाला. तापमान पुष्कळदा तिथल्या तिथे उतरतं.

ही युक्ती जुनीच आहे. २०१० साली 'स्टारक्राफ्ट २' आला तेव्हा त्याच्या मेन्यूच्या पडद्यांवर चित्रांना मर्यादाच नव्हती. काहीही घडत नसलेला पडदा कार्ड जिवाच्या आकांताने रंगवत बसायचं आणि तापायचं. अखेर ब्लिझर्डनेच खेळाच्या एका फाइलमध्ये मर्यादेच्या दोन ओळी लिहायला सांगितल्या. दोन ओळी, शून्य रुपये.

इथे मित्र म्हणेल, "मर्यादा घातलीस तर माउसला उशीर लागतो. प्रो लोक घालत नाहीत." तो अगदीच चूक नाही. चित्रं जास्त असली तर बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ काही मिलिसेकंदांनी कमी होतो. हे मिलिसेकंद आपल्या हरण्याला कितपत जबाबदार आहेत, याचा विचार ज्याचा त्याने एकांतात करावा.

पायरी ४: वारा आणि धूळ

आता कॅबिनेट कुठे ठेवलंय ते पाहा. सुताराकडून हौसेने करून घेतलेल्या कॉम्प्युटर टेबलाला खाली एक कप्पा असतो. त्या कप्प्याला पाठ असते, बाजू असतात आणि कधीकधी धूळ जाऊ नये म्हणून दारही असतं. त्यात कॅबिनेट ठेवलं की मागून बाहेर टाकलेली गरम हवा कप्प्यातच कोंडते आणि पुढचे पंखे तीच पुन्हा आत घेतात. कॅबिनेट बाहेर काढा. मागे आणि पुढे वीतभर मोकळी जागा ठेवा.

मग पंख्यांची दिशा तपासा. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचा बाहेर टाकणारे असावेत. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारी जाळीसारखी चौकट असते, त्या बाजूने हवा बाहेर येते. घरी जोडलेल्या मशीनमध्ये मागचा पंखा उलटा लागलेला सापडणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. दर्शनी भाग सलग काचेचा असेल तर पुढचे पंखे हवा नेमकी कुठून घेतात हेही शोधा. आतले सप्तरंगी दिवे मात्र दिसतात छान.

बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावणं हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय. झाकण काढल्यावर तापमान पाच-दहा अंशांनी उतरलं, तर दोष प्रोसेसरचा नसून कॅबिनेटमधल्या वाऱ्याचा आहे हे सिद्ध होतं. निदानासाठी ही चाचणी उत्तम. कायमची व्यवस्था म्हणून ती धुळीला आमंत्रण आहे, आणि घरात मांजर असेल तर मांजरालाही.

धूळ काढताना मशीन बंद करा, वायर सॉकेटमधून काढा. कॅबिनेट गॅलरीत न्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भन्नाट वेगाने फिरतं, मजा वाटते आणि बेअरिंग जातं. कूलरच्या पात्यांखाली, धातूच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा जो घट्ट पापुद्रा बसतो, तोच खरा गुन्हेगार. तो ब्रशने सोडवून काढा. ओलं फडकं कुठेही वापरू नका. दिवाळीच्या सफाईत कॉम्प्युटरवरून फक्त बाहेरूनच हात फिरतो, म्हणून हे काम वर्षातून दोनदा स्वतः करा.

पायरी ५: पेस्ट

इथून पुढे स्क्रूड्रायव्हर लागतो, म्हणजेच मित्रही लागतो.

प्रोसेसरची टोपी आणि कूलरचा तळ दिसायला सपाट असले तरी बारकाईने पाहिलं तर खडबडीत असतात. दोन्ही टेकवले की मधल्या फटींत हवा राहते, आणि हवा उष्णता वाहून नेण्यात तांब्याच्या जवळपास पंधरा हजारपट मागे आहे. या फटी भरायला पेस्ट असते. ती धातूइतकी चांगली नाही, हवेपेक्षा मात्र कितीतरी बरी. काही वर्षांत ती वाळते, तडकते, आणि मग बदलावी लागते.

सावधगिरीची सूचना, आणि ही विनोदाची नाही. ३६०० ज्या एएम४ सॉकेटमध्ये बसतो, त्यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, तब्बल १३३१. वाळलेली पेस्ट कूलर आणि प्रोसेसर यांना घट्ट चिकटवते. कूलर सरळ वर ओढलात तर सॉकेटची खिटी लावलेली असूनही प्रोसेसर कूलरसकट उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं खेळ चालवून पेस्ट गरम आणि मऊ होऊ द्या. मग मशीन बंद करून, वायर काढून, चारही स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे सैल करा. कूलर डावी-उजवीकडे हलके पिळा. तो सुटल्याचं हाताला जाणवलं की मगच उचला. पिना वाकल्याच, तर लेड पेन्सिलीच्या रिकाम्या टोकात एकेक धरून सरळ करता येतात. त्या वेळी मित्राला चहा करायला स्वयंपाकघरात पाठवावं.

जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा. नवी मधोमध वाटाण्याएवढी ठेवा. कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. "अजून घाल, कमी पडेल," असं मित्र म्हणतो. जास्तीची पेस्ट बाजूने ओघळते, उपयोग काही होत नाही. टूथपेस्ट चालते का, असा प्रश्न मनात आला असेल. पहिल्या दिवशी चालते, मग वाळते, आणि तुम्ही पुन्हा याच पायरीवर येता. नवा कूलर असेल तर त्याच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक कागद काढा. हे वाक्य वाचून हसणाऱ्यांनीही एकदा खाली वाकून खात्री करून घ्यावी.

पायरी ६: व्होल्टेज

प्रोसेसर खातो ती वीज कोअरच्या वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत. म्हणून वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवलं, तर वीज आणि उष्णता जवळजवळ १९ टक्क्यांनी घटते. कारखान्यातून निघताना प्रत्येक प्रोसेसरला थोडं जास्तीचं व्होल्टेज दिलेलं असतं, कारण त्यातले सगळे सारख्या गुणवत्तेचे नसतात. तुमच्या वाट्याला बरा नग आला असेल तर तो कमी व्होल्टेजवरही सुखाने चालतो.

बायोसमध्ये ऋण ऑफसेट थोडा थोडा द्या आणि दर वेळी सिनेबेंच ही चाचणी चालवा. ३६०० च्या पिढीत एक मेख आहे. व्होल्टेज फार उतरवलं तरी पडद्यावरचा मेगाहर्ट्झचा आकडा तसाच राहतो, काम मात्र आतल्या आत मंदावतं. तेव्हा मेगाहर्ट्झवर विश्वास न ठेवता सिनेबेंचचे गुण पाहा. गुण घसरले की एक पाऊल मागे या.

एवढा खटाटोप नको असेल तर इको मोड आहे. कागदोपत्री ६५ वॅटचा प्रोसेसर ४५ वॅटच्या शिस्तीत चालतो. व्हिडिओ एडिटिंगसारख्या कामात फरक कळतो. खेळात सहसा फार थोडा, कारण खेळ सगळे कोअर क्वचितच पूर्ण वापरतो. एप्रिल ते जून इको मोड लावून ठेवा, मृगाचा पाऊस पडला की काढा.

पायरी ७: नवा कूलर

खोक्यातून आलेला रेथ स्टेल्थ म्हणजे ॲल्युमिनियमचा बसका गोळा आणि त्यावर पंखा. त्यात हीट पाइप नाहीत. थंड खोलीत तो निभावून नेतो, नागपूरच्या मे महिन्यात त्याच्याकडून अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. दोन-तीन हजार रुपयांत उभा टॉवर कूलर येतो. त्याच्या तांब्याच्या नळ्यांमध्ये कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती वरच्या पट्ट्यांकडे जाऊन थंड होते आणि नळीच्या आतल्या अस्तरातून पाणी पुन्हा खाली झिरपतं. ना पंप, ना वीज. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी हे तंत्र प्रत्यक्षात आणलं. अवकाशात उपयोगी पडलेली ही नळी तुमच्या टेबलाखाली यायला नकार देणार नाही.

घेण्याआधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो ते पाहा. नॉक्टुआचा नावाजलेला एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर उंच आहे. अनेक लहान कॅबिनेटांची झाकणं त्यावर लागत नाहीत. मग झाकण कायमचं काढून ठेवलं जातं आणि आपण पायरी ४ मधल्या मांजरापाशी परततो.

पाण्याचा कूलर, म्हणजे एआयओ, दिसतो देखणा. ८८ वॅटच्या प्रोसेसरला त्याची गरज नाही. तरी घेतलाच, तर पंप हा सगळ्यात उंच जागी राहणार नाही असा बसवा, नाहीतर नळ्यांतली हवा पंपात शिरते आणि तो गुरगुरतो.

पायरी ८: अपग्रेड

तुम्ही सरळ या पायरीवर आला आहात हे आम्हाला माहीत आहे. या.

पहिला प्रश्न: खेळ मंद आहे तो प्रोसेसरमुळे की ग्राफिक्स कार्डमुळे? खेळताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडसर कार्डाचा आहे. प्रोसेसर बदलून काहीही होणार नाही, फक्त नवा प्रोसेसर निवांत राहील. उलट खेळाचं रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणूनही चित्रांची संख्या वाढत नसेल, तर अडसर प्रोसेसरचा.

दुसरा प्रश्न: रॅम नीट चालतेय का? ३२०० ची रॅम विकत घेऊन ती बायोसमध्ये एक्सएमपी ही सेटिंग चालू न केल्याने वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर चालवणारे पुष्कळ असतात. एकच कांडी लावलेली असेल तर दुसरी जोडीची लावा. रायझनला याचा फरक चांगला जाणवतो, आणि रॅमची कांडी पूर्ण अपग्रेडपेक्षा स्वस्त पडते.

तिसरा प्रश्न: सॉकेट तोच राहील का? एएम४ वाल्यांचं नशीब बरं. बायोस अपडेट केलं की बहुतेक बी४५० बोर्डांवर ५००० मालिकाही चालते. २०२२ साली आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी आणि २०२४ च्या जानेवारीत आलेला ५७००एक्स३डी याच सॉकेटचे. चिपलेटवर कॅशचा जादा थर चढवून एल३ कॅश ९६ मेगाबाइट केली आहे, तुमच्या ३६०० च्या तिप्पट. खेळांना ती फार मानवते. पण त्या थरामुळे उष्णता बाहेर पडायला जरा अडते, म्हणून यांची मर्यादा ९५ नसून ९० अंश आहे, आणि खोक्यात कूलर येत नाही. थोडक्यात, तापतो म्हणून ३६०० बदलणाऱ्याने जो घेतला तोही तापणाराच. बायोस अपडेट करताना मशीन इन्व्हर्टरवर असू द्या. अर्ध्यात वीज गेली तर बोर्ड उठत नाही.

चौथा प्रश्न दुकानात विचारला जातो, आणि तो दुकानदार विचारतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की गावातलं एकुलतं एक दुकान, संवाद साधारण असा होतो.

"बोला साहेब."

"प्रोसेसर तापतोय. पेस्ट बघायची होती."

"कुठलाय?"

"छत्तीसशे."

यावर तो काही बोलत नाही, नुसता तुमच्याकडे पाहतो. मग म्हणतो, "पेस्ट देतो हो. पण यावर किती दिवस काढणार? बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एकदाच करून टाका. तुमचा जुना आम्ही बघून घेऊ."

नवा प्रोसेसर एएम५ सॉकेटचा, म्हणजे बोर्ड नवा, म्हणजे रॅम डीडीआर५, म्हणजे जुनी रॅम बाद, म्हणजे कूलर तपासून घ्या, म्हणजे पॉवर सप्लायचंही एकदा बघूनच घेऊ. आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. पेस्ट आणायला गेलेला माणूस नवं कॅबिनेट रिक्षात धरून परततो. त्यावरही काच आहेच.

हे करू नका

प्रोसेसर, बोर्ड किंवा अख्खं कॅबिनेट फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच दमट हवेतलं पाणी थंड धातूवर जमतं. मुंबई-कोकणात तर ते तुम्ही बघत असतानाच जमेल.

कूलरजवळ ओला टॉवेल ठेवू नका.

मित्राने दिलेलं 'पीसी थंड करणारं' सॉफ्टवेअर टाकू नका. पंख्याचा वेग बायोसमधूनही वाढतो. तेवढं करून भागतं.

शंकासमाधान

*नवा रायझन ७ ७७००एक्स घेतला. सिनेबेंच लावलं तर तो ९५ अंशांवर गेला. परत करू का?*

नको. २०२२ साली ही मालिका आली तेव्हाच एएमडीने सांगितलं होतं, की पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाणं हे तिच्या रचनेतच आहे. कूलरमध्ये जागा शिल्लक असेल तर तो वेग वाढवतो आणि तेवढी जागा वापरून टाकतो. म्हणजे तुम्ही ८८ ला घाबरून जुना काढलात आणि पैसे मोजून ९५ विकत घेतलात.

*मग इंटेल घ्यावा का?*

कोअर आय९-१३९००के पूर्ण भारात २५३ वॅटपर्यंत खातो. पायरी २ मधले पाहुणे आठवून ठरवा. शिवाय १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही मोठ्या प्रोसेसरांना जादा व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास झाला. २०२४ साली इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सेकंडहँड घेणार असाल तर बायोस नवं आहे ना ते पाहा.

*सगळ्या पायऱ्या केल्या. आता मे महिन्यातही ७६ अंशांवर आहे, खेळ अडखळत नाही. तरी नवा प्रोसेसर घ्यावासा वाटतो. काय करू?*

घ्या. वाटणं हे पुरेसं कारण आहे. फक्त घरी तापमानाचं निमित्त सांगू नका, कारण बाबांनी आता थर्मामीटर पाहिलाय. "मला हवाय" एवढंच सांगा, स्वतःच्या पैशाने घ्या आणि बिल जपून ठेवा. वॉरंटीला बिल लागतं.